पाठमोऱ्या वानराचा उजवा पाय

तेहतीस वर्षं मी नगरमधल्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवली. कवायत, लेझीम, खो-खो आणि वर्षातून दोनदा झेंड्यापुढचं संचलन. पण खरं काम काय होतं म्हणाल, तर पोरींना डावं-उजवं शिकवणं. हसू नका. पाचवीतल्या साठ पोरींना एकदम 'डावीकडे वळ' सांगून बघा, मग कळेल. निम्म्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात.

त्यामुळे डाव्या-उजव्यात मी चुकेन, असं मला कुणी म्हटलं असतं तर त्याला मी ग्राउंडला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. चुकले मात्र मीच. एकदा नाही, हजार-बाराशे वेळा चुकले, आणि माझ्यापायी सुनेची दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली. गेली नाहीत, म्हणून हे सांगायला तोंड आहे.

आम्ही सावेडीत राहतो. मुलगा नोकरीसाठी पुण्यात, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. घरात आठवडाभर सासू-सून. सून वानरांवर पीएचडी करते. लग्न ठरवताना हिला वानरांचाच अभ्यास करायचाय हे कळलं तेव्हा आमच्या नातेवाइकांनी तोंडाला पदर लावले होते. मला काही वाटलं नव्हतं. मी आयुष्यभर पोरी सांभाळल्या, वानरं त्या मानाने बरी.

कर्जत तालुक्यातल्या एका गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे, त्याच्यापुढे जुनी बारव. चहूबाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली चौकोनी विहीर. तिथे काळतोंड्या वानरांची एक टोळी रोज पाणी प्यायला उतरते. सुनेने बारवेच्या चार बाजूंना चार कॅमेरे लावले होते. वानरांना पकडायचं नाही, गळ्यात पट्टा बांधायचा नाही, अंगाला रंग लावायचा नाही. त्यांनी आपलं यावं, जावं, भांडावं, आणि नुसत्या व्हिडिओवरून कॉम्प्युटरने ओळखावं की कुणाचा कुठला पाय कुठे पडला. चारही बाजूंचं चित्र जोडून तो पडद्यावर त्या वानराचा काड्यांचा सांगाडा उभा करतो, आणि तो सांगाडा वानर चाललं तसा चालतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा गार होईस्तोवर बघत बसले होते.

हे सगळं तिने मांडलं होतं एका मादीसाठी. ती मादी विजेच्या तारेवरून पडली होती आणि तिचा मागचा डावा पाय दुखावला होता. असं मोकळं, रानातलं जनावर दुखरा पाय घेऊन उतरतं कसं, भार कुठल्या पायावर टाकतं, हळूहळू सुधारतं की नाही, हा सुनेचा प्रश्न. म्हणजे डावा पाय आणि उजवा पाय यावरच सगळी इमारत.

आता कॉम्प्युटरला वानर कळत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं. व्हिडिओतले तीन-साडेतीन हजार फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोतल्या वानरावर हाताने ठिपके द्यायचे. नाक, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे, शेपटीचं मूळ, शेपटीचं टोक. डाव्या बाजूचे लाल, उजव्या बाजूचे निळे. जे झाकलेलं असेल त्याच्यापुढे 'दिसत नाही' अशी खूण करायची. हे कंटाळवाणं काम कुणी करायचं? सूनबाई दिवसभर करून डोळे लाल करून बसायची. मी रिटायर झालेली, दुपारी झोप येत नाही. म्हटलं, आण इकडे, पहिल्यापासून सगळे मीच करते.

पहिल्या आठवड्यातच मी तिच्यापेक्षा भराभर ठिपके द्यायला लागले. वानर समोरून आलं की माझी गंमतच. माणसं तिथेच गोंधळतात, कारण समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो. मला त्यात काय अवघड? मी तेहतीस वर्षं पोरींच्या समोर उभं राहून 'उजवा हात वर' म्हणत स्वतःचा डावा वर केलेला. पोरींनी आरशात बघितल्यासारखं करायचं असतं ना, म्हणून पीटीच्या बाईला सगळं उलटं करावं लागतं. वानर आडवं चाललेलं असलं की मात्र मला थांबावं लागायचं. मग मी सरळ हॉलमध्ये चटईवर ओणवी व्हायची, तोंड त्याच बाजूला करायची आणि कुठला पाय अलीकडे येतो ते बघून ठिपका द्यायची. शेजारीण एकदा दार उघडं बघून आत आली आणि तशीच मागे फिरली.

उरली पाठमोरी वानरं. ती सगळ्यात सोपी. त्यात बघायचं काय?

एकदा सून शेजारी येऊन बसली आणि माझं काम तपासायला लागली. आधी तिने समोरून असलेले फोटो काढले, कारण तिच्या कॉलेजात असंच काम करणारे दोघं तिथेच हमखास चुकले होते. माझा एकही चुकलेला नव्हता. ती म्हणाली, "आई, कमाल आहे तुमची." मी मनात फुलले. मग ती म्हणाली, "पाठमोरे पण थोडे बघते." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "तेहतीस वर्षं मी शंभर-शंभर पोरींचं डावं-उजवं तपासलं, आता तू माझं तपासणार का?" आणि लॅपटॉप मिटून कुकर लावायला उठले. त्यानंतर तिने पुन्हा कधी तपासायचं नाव काढलं नाही.

सगळे ठिपके झाले, कॉम्प्युटरला शिकवून झालं आणि सांगाडे पडद्यावर उतरायला लागले. आणि काय सांगू, वानर दोन पायऱ्या नीट उतरायचं आणि तिसरीला त्याच्या मागच्या पायांची कात्री व्हायची. लाल पाय निळा, निळा पाय लाल. त्या लंगड्या मादीचं तर काहीच कळेना. कधी डावा पाय लंगडतोय, कधी उजवा.

सुनेने कॅमेऱ्यांवर संशय घेतला. चार कॅमेरे एकमेकांपासून नेमके किती लांब आणि कुठल्या कोनात आहेत ते कॉम्प्युटरला बिनचूक कळावं लागतं. ते मोजायला ती बुद्धिबळाच्या पटासारखा एक काळा-पांढरा फळा घेऊन बारवेत उतरायची आणि चारही कॅमेऱ्यांसमोर तो हलवायची. तीनदा जाऊन आली. सावेडीहून एसटीने कर्जत, तिथून रिक्षाने गाव, भर उन्हाचं. तिसऱ्या वेळी पायरीवरून घसरून कोपर सोलून घेतलं. सांगाड्याची कात्री तशीच.

तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, सोमवारपर्यंत पाय सुटे दिसले नाहीत तर हा विषय बंद. मग नुसती वानरं मोजा, दिवसाला किती आली, किती गेली. सुनेने फोन ठेवला आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे काढून झाले तरी आत आली नाही. मी बघून आले. ती रडत होती, आवाज न करता.

मला सुनेची कीव आली आणि राग आला जगाचा. माझा स्वभावच तसा, वाईट वाटलं की मला आधी कुणावर तरी ओरडायला हवं असतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गावाला गेले. बारवेच्या बांधाला लागून एका बाईंची लिंबाची बाग आहे. कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं. मी गेल्या गेल्या पाहिलं, एका कॅमेऱ्याच्या खांबाला दोरी बांधलेली आणि दोरीवर लुगडं वाळत घातलेलं. झालं. सापडला चोर. मी त्या बाईंना तिथेच फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्ही दोरी ओढली की खांब हलतो, खांब हलला की माझ्या सुनेचं काम जातं, शिकलेल्या पोरीच्या मेहनतीची काही किंमत आहे की नाही.

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, ती दोरी आजच बांदली म्या. तुमची ताई तर दोन म्हैने म्हनती हाय का बिघाड हाय. मंग माजी दोरी कुठनं आली मदी?"

 मी तरी 'दोरी सोडा ती' असं म्हटलंच. त्यांनी लुगडं काढलं, दोरी सोडली, आणि आम्हाला लिंबाचं सरबत दिलं. सून माझ्याकडे बघत नव्हती. सरबत पिताना ती लंगडी मादी पायऱ्यांवर आली. टोळीतला हुप्प्या आणि बाकीच्या पाणी पिऊन वर निघाल्या तेव्हा ही अजून निम्म्यात. बागेतल्या बाई म्हणाल्या, "लई गुनाची हाय ती. पन आता मागं ऱ्हाती बगा." सून तिच्याकडे अशी बघत होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

निघताना सुनेने एक कॅमेरा सोडवून बरोबर घेतला. तिचं म्हणणं, माणसांचा सांगाडा काढणारा प्रोग्रॅम तयार मिळतो, तो कुणी शिकवावा लागत नाही. याच कॅमेऱ्याने माणसांचा व्हिडिओ काढून त्यात घालायचा. रंग नीट राहिले तर कॅमेरा बरा आहे, निदान एक शंका मिटेल.

माणसं कुठे शोधायची? आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये सकाळी सहाला मी बायकांचा व्यायाम घेते. पंधरा-वीस जणी असतात. शनिवारी सकाळी सून स्टँड घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी बायकांकडे तोंड करून नेहमीप्रमाणे सुरू केलं. "उजवा हात वर." माझा डावा वर, त्यांचे उजवे वर. "डावा हात वर." झकास. मग सून म्हणाली, "आई, दोन मिनिटं त्यांना पाठ करायला सांगा ना, मागूनही हवंय." मी म्हटलं, "मागे वळ."

खरं सांगते, शाळेत पोरींची पाठ मी माझ्याकडे कधी ठेवली नाही. 'मागे वळ' म्हटलं की मी धावत रांगेच्या पलीकडे जाऊन पुन्हा त्यांच्या तोंडासमोर उभी राहायची. पाठ दिसली म्हणजे पोरी हसतायत, हे आमच्यात पक्कं. त्या दिवशी मात्र कॅमेऱ्यामुळे मी जागेवरच थांबले आणि म्हटलं, "उजवा हात वर." बायकांनी हात वर केले. सगळ्यांनी डावे. मी चमकले. मागच्या रांगेतल्या एकीच्या दंडाला हात लावून म्हटलं, "अहो, उजवा. सकाळी सकाळी झोपेत आलात काय?" ती म्हणाली, "बाई, हाच उजवा आहे." मी म्हटलं, "उजवा म्हटलं ना मी." तिने निमूट तो हात खाली घेतला आणि दुसरा वर केला. तिचं बघून शेजारणीनेही बदलला. मग सगळ्या रांगेने बदलला. मी म्हटलं, "शाब्बास."

नऊ वाजता सुनेने व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. मी पोहे करत होते, गॅस बारीक करून बघायला आले. बायकांच्या अंगावर रंगीत काड्या, लाल डाव्या, निळ्या उजव्या. तोंड आमच्याकडे असताना माझा आवाज आला, 'उजवा हात वर', आणि सगळ्या निळ्या काड्या वर गेल्या. मग बायका वळल्या. 'उजवा हात वर.' पुन्हा सगळ्या निळ्या काड्या वर. मग माझा तो आवाज, 'उजवा म्हटलं ना मी', आणि एक निळी काडी खाली आली, लाल वर गेली. मग शेजारची. मग सगळी रांग लाल. आणि मागून माझं 'शाब्बास'.

मी म्हटलं, "तुझं यंत्र चुकतंय."

 सुनेने तोच तुकडा पुन्हा लावला. ती मागच्या रांगेतली बाई डाव्या हातात घड्याळ घालते. वर गेलेल्या लाल हातात घड्याळ होतं.

मी पडद्याकडे तोंड करून स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला.  माझ्या डाव्या बाजूला जे असेल त्याला उजवं म्हणायचं, हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं होतं की समोर तोंड आहे का पाठ, हे मी बघतच नव्हते. समोरच्याला ते बरोबर लागू पडायचं. पाठमोऱ्याला साफ उलटं. आणि आडव्या वानरांना मी ओणवी होऊन, विचार करून ठिपके दिले म्हणून ते तेवढे वाचले. बारवेत वानर उतरायला लागलं की एका कॅमेऱ्याला त्याचं तोंड दिसणार आणि पलीकडच्याला पाठ. एक कॅमेरा म्हणणार हा उजवा, दुसरा म्हणणार हा डावा. मग पायांची कात्री नाही होणार तर काय होणार?

हे सगळं मी तिला सांगितलं. म्हटलं, "तुझं वाटोळं मी केलं गं." पोहे करपले होते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिने पाठमोरे फोटो काढले. पहिला उलटा. दुसरा उलटा. पंधरावा उलटा. तिने मधूनच कुठलाही काढला, तोही उलटा. मला वाटलं आता ही उठून माहेरी फोन लावेल. ती पाठीमागे टेकून बसली आणि तिला हसू फुटलं. मी घाबरले. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय.

"आई," ती म्हणाली, "एकदा तरी बरोबर केलंय का हो तुम्ही?"

"मला काय माहीत?"

"नसलं तर आपण वाचलो. निम्मे बरोबर, निम्मे चूक असते ना, तर एकेक फोटो पुन्हा बघावा लागला असता. सोमवारच काय, दिवाळी आली असती. सगळेच उलटे असले तर एका झटक्यात रंग अदलाबदल करता येतील."

पण पाठमोरे नेमके कुठले, हे कॉम्प्युटरने कसं ओळखायचं? तिथे माझीच शिस्त कामी आली. वानराची शेपटी पाठीवरून कमान करून पुढे आली तरी तिचं मूळ पुढून दिसत नाही. पुढून असलेल्या प्रत्येक फोटोत मी शेपटीच्या मुळापुढे 'दिसत नाही' अशी खूण इमानेइतबारे केली होती. आडव्या फोटोंत एकच खांदा दिसतो. म्हणजे दोन्ही खांदे दिसतायत आणि शेपटीचं मूळही दिसतंय, ते पाठमोरे. सुनेने तसे निवडून रंग बदलले. मान वळवून मागे बघणारी काही वानरं होती, ती आम्ही दोघींनी शेजारी बसून हाताने पाहिली. तिथेही मी अंगावरूनच धरलं होतं, तोंडावरून नाही. त्यातला एकही उलटा पडायचा सुटला नव्हता. मी हजार-बाराशे वेळा चुकले होते आणि एकदाही चुकून बरोबर आले नव्हते.

मध्येच मी फोन लावून बागेतल्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई सापडलं. आता दोरी बांदू का?" मी म्हटलं, दुसऱ्या झाडाला बांधा.

कॉम्प्युटर पुन्हा शिकायला बसला तो शनिवारी दुपारपासून. मुलगा आला, त्याला पोहे करपल्याची गोष्ट तेवढी सांगितली. रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि सुनेने पहिला व्हिडिओ लावला. ती लंगडी मादी होती. लाल पाय, निळा पाय, पहिली पायरी, दुसरी, तिसरी. मी मनात मोजत होते. नवव्या पायरीपर्यंत लाल पाय लालच राहिला. तो टेकताना जरासा बिचकायचा आणि निळा पाय घाईने खाली यायचा. कुणाही अडाण्याला कळावं इतकं स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला रिटायर झाल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मुलगा विचारत होता, तुम्ही दोघी रडताय कशाला.

सोमवारी अकराला सरांचा व्हिडिओ कॉल. सून हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात भाजी निवडत, कान तिकडे. सरांनी सांगाडे पाहिले. मग विचारलं, बिघाड कुठे होता? सून म्हणाली, "सर, पाठमोऱ्या फोटोंत डावं-उजवं उलटं पडलं होतं. मी तपासलं नव्हतं. चूक माझी."

मी भाजी टाकून उठले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, मी हिची सासू. ठिपके मी दिले होते. ती तपासायला आली तेव्हा मी लॅपटॉप मिटला. चूक माझी आहे, तिची नाही." आयुष्यात मी 'चूक माझी' हे शब्द एखाद्या मोठ्या माणसासमोर उच्चारल्याचं मला आठवत नाही. सर जरा गडबडले. म्हणाले, "ठीक आहे मॅडम. सापडली हे महत्त्वाचं. विषय हाच चालू ठेवा."

कॉल संपला. सून खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही कशाला मध्ये आलात? तपासायचं काम खरंच माझं होतं."

"मग तपासलं का नाहीस? मी एकदा ओरडले म्हणून?"

"तुमची भीती वाटते मला," ती म्हणाली. भाजी काय करायची विचारावं इतक्या साध्या आवाजात. "लग्न झाल्यापासून वाटते."

सहा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. मला ओपन स्पेसमधल्या त्या सगळ्या बायका आठवल्या, बरोबर असलेला हात निमूट खाली घेणाऱ्या. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, कारण ती हे बोलली आणि काही मोडलं नाही.

"आत्ताही वाटतेय?" मी विचारलं.

तिने खरोखर विचार केला. "आत्ता नाही वाटत," ती म्हणाली. "उद्याचं सांगता येत नाही."

"बरं," मी म्हटलं. आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.